प्रतिसाद: मुंबईचं बातमीपत्र ठाण्याला पुरत नाही

'मुंबई आकाशवाणी ठाण्यात ऐकू येते, मग ठाणे-नवी मुंबईसाठी वेगळं बातमीपत्र कशाला?' असं या चर्चेत एकाने विचारलंय. ऐकू येते, खरंय. कळव्यात आमच्या स्वयंपाकघरात सकाळी मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनीच लागते. पण 'मुंबईत पाणीकपात' ऐकलं की आई कुकर लावता लावता विचारते, "आपल्याकडे पण का रे?" त्याचं उत्तर मिळत नाही. ठाण्याला पाणी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, पालिकेची स्वतःची योजना, मुंबई महापालिका अशा चार वाटांनी येतं. नवी मुंबईचं तर स्वतःचं मोरबे धरण आहे.

राजकारणाचंही तेच. नवी मुंबई पालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची २०२२ मध्ये. पुढे कितीतरी काळ प्रशासकच. त्या काळात नगरसेवक नसताना पालिका शाळांचे प्रश्न मांडायचे कुणी?

त्याऐवजी कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेने चालवलेलं छोटं केंद्र, काढावा ही चर्चेतली सूचना चांगली आहे, शाळा-प्रवेश, आरोग्य यांसाठी जरूर व्हावा. पण प्रक्षेपणाला सहसा १०० वॅटची मर्यादा आणि स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई! खासगी एफएमलाही तीच मनाई. म्हणजे रेडिओवर स्थानिक बातमी देऊ शकते ती आकाशवाणीच. ठाणे-नवी मुंबईसाठी रोज दहा मिनिटांचं बातमीपत्र तिच्याकडेच मागूया.