स्कॉटलंडच्या ज्युरीबद्दल: आकडा ८ की १०?

'दोषी' आणि 'निर्दोष' यांखेरीजचा 'नॉट प्रूव्हन' (गुन्हा सिद्ध झाला नाही; यातही आरोपी सुटत असे) हा तिसरा निकाल गेला, आता स्कॉटलंडमध्ये ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आरोपीला दोषी ठरवणं सोपं होणार, असं एक मत आहे; ते अर्धंच पटतं. तो निकाल रद्द करणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेच दोषी ठरवायला लागणारी मतंही वाढवली. पूर्वी १५ पैकी ८ पुरत, आता दोन तृतीयांश, म्हणजे १० लागतात. यातली खरी गोम मात्र ज्युरर (ज्युरीतला सदस्य) गळाल्यावर दिसते. कुणी आजारी पडलं तरी १२ जणांपर्यंत खटला चालू राहतो, आणि जुना ८ चा आकडा तेव्हाही तसाच राही. म्हणजे पूर्ण ज्युरीत निम्म्याहून जेमतेम जास्त, तर १२ जणांत आपोआप दोन तृतीयांश! ही विसंगती कशी काय इतकी वर्षं चालली, देव जाणे.

आणि इंग्लंडच्या १०-२ शी (१२ जणांच्या ज्युरीत किमान १० जणांचं एकमत) थेट तुलना नको. तिथे १० जुळले नाहीत तर ज्युरी बरखास्त होते, फेरखटला होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये ती भानगडच नाही. दोषीच्या बाजूने ९ आणि विरुद्ध ६ मतं झाली की आरोपी सरळ निर्दोष सुटतो. त्यामुळे तिथे प्रत्येक वाढीव मताचं वजन इंग्लंडपेक्षा जास्त.