मदरशात राहून अरबी बोलता येतं का?

तापीकाठ: भाचा यंदा दहावीत, यावलच्या उर्दू शाळेत. नाझिरा झालाय, म्हणजे कुराण वाचतो, पण अर्थ कळत नाही. ताई म्हणते, अक्कलकुव्याकडच्या एखाद्या मदरशात ठेवला की वर्षभरात फाडफाड अरबी बोलेल. खरंच?

सातपुडा: नुसतं राहून नाही, भाऊ. खोलीतली पोरं आपसात उर्दू नाहीतर अहिराणीच बोलणार. आलिमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षी सर्फ-नह्वचं, म्हणजे अरबी व्याकरणाचं, घोकणं असतं. एका क्रियापदाची भूतकाळाची 14 रूपं तोंडपाठ, पण 'पाणी संपलंय' म्हणता येत नाही. विचारायचं ते एवढंच: मुहादसा, म्हणजे संभाषणाचा तास, रोज आहे का? अस्र ते मगरिब (दुपारनंतरच्या नमाजापासून सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत) फक्त अरबी असा नियम असेल, तर त्या वेळात उस्ताद पोरांत बसतात का? नसतील तर खाणाखुणांवर काम भागतं.

दस्तरखान: नियम पहिल्याच दिवशी लावला तरी पोरं मुकी होतात. आधी एकच जागा धरायची, जेवणाची. 'नाविल्निल मिल्ह' (मीठ दे), 'हल हुनाक खुब्ज?' (पोळी आहे का?) अशी वीसेक वाक्यं बसली की मग वुजूखाना (नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा), मग वर्ग. रोज पाच-सात वाक्यं पुरे. सुटे शब्द पाठ करू देऊ नका. पोरगं ते उर्दूच्या साच्यात बसवतं आणि दरवेळी 'अना अकल्तु' म्हणतं. 'अकल्तु'तच 'मी खाल्लं' आलं, 'अना' लागतो तो जोर द्यायचा असेल तरच. ही सवय सहा महिने चालू दिली तर पुढे सुटता सुटत नाही.

उच्चारात 'ऐन' आणि 'मोठी हे' ही अक्षरं कारीसाहेबांकडून तजवीदमध्ये, म्हणजे कुराणपठणाच्या उच्चारशास्त्रात, सुधारतात. स्वरांच्या लांबीकडे मात्र कुणी बघत नाही. 'कतब'चा शेवटचा अ आखूड उच्चारला तर 'त्यानं लिहिलं'. 'कतबा' असा ताणला की 'त्या दोघांनी लिहिलं'.

जळगावकर: पुढे सौदीला नोकरीचा विचार असेल तर आधीच सांगतो, मदरशात मिळते ती फुसहा, म्हणजे पुस्तकी प्रमाण अरबी. 'तुला काय हवंय' हे वर्गात 'माज़ा तुरीद', रियाधच्या दुकानात 'वेश तबी'. तरी फुसहाच आधी पक्की करा, बोली नंतर कानानं येते.

तापीकाठ: प्रवेश कधी? तोवर घरी काय करून घेऊ?

सातपुडा: शव्वालमध्ये, रमजान ईद झाली की. आत बहुतेक ठिकाणी फोन जमा करतात, म्हणून ऐकण्याचं काम आत्ताच उरका. अरबी बातम्या, रोज 20 मिनिटं. एकच बातमी तीनदा लावायची, तिसऱ्यांदा निवेदकाच्या मागोमाग मोठ्यानं बोलत. अर्थ नाही कळला तरी चालेल.