लघवी-शौचाच्या तक्रारी आणि भाषेची अडचण: सासूबाईंना माहिती कशी द्यावी?

प्रश्न:
सासूबाई सत्तरीच्या असून त्यांना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही, आणि येथील डॉक्टरांना मराठी येत नाही. खोकताना-शिंकताना त्यांची लघवी सुटते, शिवाय बद्धकोष्ठताही आहे. परंतु तपासणीत माझे पती दुभाष्याचे काम करत असल्यामुळे त्या "सगळे ठीक आहे" एवढेच सांगतात आणि घरी आल्यावर पाणी पिणे कमी करतात. मराठीतील माहितीपत्रक मिळवून दिल्यास उपयोग होईल का?

उत्तर १ (वैद्यकीय दुभाषी):
पत्रक नंतर पाहू. आधी त्यांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या पतीला, त्या खोलीतून बाहेर काढा. वेळ ठरवतानाच स्त्री दुभाषी मागावी. आपल्या समाजात बातमी फुटेल अशी भीती असल्यास दूरध्वनीवरून बोलणारी दुभाषी बरी, कारण ती बहुधा दूरच्या गावची असते आणि तिला चेहरा दिसत नाही.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट):
पाणी कमी करणे तातडीने थांबवावे. लघवी दाट झाली की मूत्राशयाला त्रास होऊन घाई वाढू शकते, मळ कडक होतो आणि भरलेल्या मोठ्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडून गळती वाढते. म्हणजे ज्या भीतीने पाणी टाळले, तेच घडते. तीन दिवस किती प्यायले, केव्हा लघवीला गेल्या आणि केव्हा सुटली, याच्या नोंदी पेला व थेंब अशा चित्रांनी करता येतात. शौचासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला, मळाचे प्रकार चित्रांनी दाखवणारा 'ब्रिस्टल' तक्ता आहे. त्यातील सात चित्रांपैकी एकावर बोट ठेवले तरी डॉक्टरांना पुरेसे कळते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम किमान तीन महिने नियमित करावे लागतात, मात्र ते तपासून घेऊनच शिकावेत, कारण अनेक जणी स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. लघवीत वा शौचात रक्त दिसल्यास मात्र यांपैकी कशाचीही वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. त्यांना वाचायला फारसे येत नाही, हे लिहायचे राहिले.

उत्तर १:
मग पत्रकाऐवजी ध्वनिमुद्रित माहिती मागा. भेटीच्या शेवटी डॉक्टरांनी "समजले का?" असे विचारल्यास त्या "हो" म्हणतील, त्यापेक्षा "घरी गेल्यावर काय कराल, ते सांगा" असे दुभाषीमार्फत विचारायला डॉक्टरांना सांगावे.