हिमोग्लोबिनच्या प्रॅक्टिकलला अल्फाफोल्ड: ठेवावं की काढावं?

मांडवीकर:
बडोद्यात बी.एस्सी.ला सिकल सेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) शिकवताना रक्ताची स्लाइड सोडून थेट अल्फाफोल्डवर, म्हणजे क्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या एआयवर, काम द्यावं, असं माझं मत. छोटाउदेपूरच्या पट्ट्यात आजार आहेच, विषय काही परका नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा अमिनो आम्लांचा क्रम फुकट सर्व्हरवर टाकला की काही मिनिटांत आकार हातात. रंगावरून अंदाज किती पक्का ते कळतं: गडद निळं ते खात्रीचं. नारिंगी म्हणजे खात्रीचे गुण शंभरपैकी ५० च्या खाली, त्यावर विसंबू नये. कर्त्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालंय. रक्त नको, हातमोजे नकोत.

सूरसागर:
नेहमीची आणि सिकलची, दोन्ही साखळ्या टाकून बघा. एकीवर एक ठेवल्या तर फरक जवळजवळ दिसतच नाही. मुलं जर्नलात काय लिहिणार? 'बदलाचा परिणाम नाही'! अहो, बिघाड साखळीच्या घडीत, म्हणजे आकारात, नाहीच मुळी. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं ते पृष्ठभागावर. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं, आणि रेणूला रेणू लागत लांब धागे बनतात. एकट्या साखळीत हे दिसणार कसं?

स्लाइडवर दिसतं. ऑक्सिजन काढून घेणारं २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, रक्ताचा थेंब, कव्हरस्लिप, कडांना व्हॅसलिन. कड उघडी राहिली की हवा शिरते आणि पेशी गोलच राहतात. द्रावण शिळं असलं तरी तेच, म्हणून त्याच दिवशी करायचं.

दांडियाबाजार:
स्लाइडही अर्धंच सांगते. वाहक (एकच सदोष जनुक असलेला) असो की रोगी, पेशी दोघांच्याही विळ्यासारख्या होतात. वेगळं ओळखायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी लागतेच.

मांडवीकर:
मग एकट्या साखळीऐवजी प्रथिनांच्या डेटाबेसमधली २एचबीएस ही सिकल हिमोग्लोबिनची रचना उघडायला लावा. दोन अख्खे रेणू शेजारी आहेत. एकाचं सहावं व्हॅलिन दुसऱ्याच्या फेनिलॲलानिन ८५ नि ल्युसिन ८८ पाशी अडकलेलं स्पष्ट दिसतं.

सूरसागर:
ती तर १९९७ ची, स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेली! तुमचं एआय त्यात कुठे आलं? शिवाय क्रमांकाचा घोळ आहेच. डेटाबेसमधला क्रम सुरुवातीच्या मेथिओनिनपासून मोजतात, पुस्तकात ते धरत नाहीत, तेव्हा बदलायचं सातवं अक्षर. पुस्तकातला 'सहावा' धरून मोजलं तर तिथे प्रोलिन असतं. सर्व्हर त्याचाही आकार बिनतक्रार काढून देतो.

मांडवीकर:
मग व्हायव्हात हेच विचारा ना, सातवं का? सांगता आलं त्यालाच लॉगिन द्या. वर्गात रक्त मात्र नको. स्लाइड पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊन दाखवा.