अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना १८६४ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक का टळली नाही?

प्रश्न:
१८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या सैन्याची प्रचंड हानी होऊन युद्ध व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग शहराच्या वेढ्यापाशी अडले होते आणि जुलैत संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांची एक फौज थेट वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत येऊन गेली होती. अशा वेळीही राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी निवडणूक होऊ दिली. राष्ट्रीय संकटात राज्यकर्त्यांनी कसे वागावे, याचा हा धडा मानावा, की केवळ घटनात्मक सक्ती?

प्रतिसाद १:
निवडणूक पुढे ढकलण्याचा अधिकार राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना दिलेलाच नाही, हे खरे. परंतु त्याच लिंकन यांनी इतर बाबतींत आपले अधिकार पुष्कळ ताणले होते, त्यामुळे केवळ सक्ती म्हणून हा विषय संपत नाही. २३ ऑगस्ट रोजी त्यांनी एका कागदावर लिहिले की, आपले सरकार बहुधा पुन्हा निवडून येणार नाही, आणि तसे झाल्यास नव्या अध्यक्षांनी सूत्रे हाती घेण्यापूर्वीच त्यांच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणे हे आपले कर्तव्य ठरेल. तो कागद घडी घालून चिकटवला गेला आणि मंत्र्यांनी मजकूर न वाचताच त्याच्या पाठीवर सह्या केल्या. पराभव समोर दिसत असताना सत्ता कशी टिकवावी याऐवजी उरलेल्या काळात देशासाठी काय करावे, याचा विचार त्यांनी केला, हे मला फार मोठे वाटते. पुढे २ सप्टेंबरला दक्षिणेचे अटलांटा शहर उत्तरेच्या हाती पडले, वारे फिरले आणि लिंकन २१२ विरुद्ध २१ अशा इलेक्टोरल (राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या) मतांनी विजयी झाले. अनेक राज्यांनी सैनिकांना छावणीतच मतदान करू दिले होते. विरोधी उमेदवार मॅक्लेलन हे सैनिकांचेच लाडके माजी सेनापती असूनही बहुसंख्य सैनिकांनी लिंकन यांनाच मत दिले.

प्रतिसाद २:
याच चित्राची दुसरी बाजूही पाहावी. १८६१ मध्ये लिंकन यांनी काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) न विचारता हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा, हक्क स्थगित केला आणि मेरिमन नावाच्या अटकेतील नागरिकाच्या प्रकरणात सरन्यायाधीश टेनी यांनी तो अधिकार काँग्रेसचा असल्याचा निर्णय देऊनही तो मानला नाही. काँग्रेसची संमती मिळाली ती १८६३ मध्ये. निवडणुकीच्या तोंडावरच इंडियाना राज्यात लॅम्डिन मिलिगन या नागरिकाला पकडले गेले आणि पुढे लष्करी न्यायाधिकरणाने त्याला फाशी सुनावली. दिवाणी न्यायालये सुरू असतील तेथे नागरिकांवर असे खटले चालवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १८६६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, सांगितले.

प्रतिसाद ३:
दुसऱ्या महायुद्धातही १९४४ ची निवडणूक वेळेवर झाली, पण तेव्हा सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९४२ च्या आदेशान्वये घरांतून हलवले जाऊन छावण्यांत डांबले गेले होते. त्यामुळे संकटकाळातील लोकशाहीची परीक्षा मतदानाच्या तारखेवर करणे मला पुरेसे वाटत नाही. मते थोडी असणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हेही तपासले पाहिजे. या हलवण्याला आव्हान देणाऱ्या कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली, आणि अधिकृत क्षमायाचना व हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देणारा कायदा झाला तो १९८८ मध्ये, जेव्हा छावण्यांतील कित्येक जण मरण पावले होते.