‘गाण्यात दम असेल तर लोक ऐकतातच’?

बासरीवाला_महाल:
काल इथे एकाने लिहिलं, “गाण्यात दम असेल तर लोक ऐकतातच. नागपूरच्या स्वतंत्र कलाकारांनी रडगाणं बंद करावं.” वाचून डोकं फिरलं. दम मोजतं कोण? स्पॉटिफायवर २०२४पासून नियम आहे: मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १००० वेळा वाजलं नसेल, तर त्याची रेकॉर्डिंग रॉयल्टी शून्य. आमचं गाणं ९०० वेळा वाजलं, तर तो पैसा ज्यांची गाणी आधीच चालतात त्यांच्यात वाटला जातो. इकडे स्टुडिओची शिफ्ट, मिक्सिंग, वादकांचं पाकीट, सगळं खिशातून. धरमपेठेतल्या एका कॅफेवाल्याने तीन तास वाजवून घेतलं आणि हातावर टेकवलं काय, तर सँडविच. वरून म्हणतो, “तुमचं नाव होईल.”

धरमपेठी:
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. सुरेश भट सभागृहात तिकीट लावून बघा, पासासाठी पहिला फोन दुसऱ्या बँडवाल्याचाच येतो. तुम्हीच एकमेकांना फुकटात ऐकता, मग कॅफेवाल्याने काऊन पैसे द्यावे?

ऑक्टोपॅड_सक्करदरा:
पासाचं सोडा. खरा घात कराओकेवाल्यांनी केला. आधी ऑर्केस्ट्रा म्हणजे ढोलक, कीबोर्ड, अ‍ॅकॉर्डियन, आठ-दहा घरं चालायची. आता लॅपटॉपवर ट्रॅक, हौशी गायकांकडून गाण्यामागे वर्गणी, झाली ‘संगीत रजनी’. मागच्या गणपतीत मंडळवाले तोंडावर म्हणाले, “भाऊ, ट्रॅकवर होऊन जाते, तुम्ही कायले?”

निवृत्त_बँकवाला:
कराओकेवाला मीच आहे. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, या ग्रुपने मला माणसांत आणलं. हॉलचं भाडं आम्ही भरतो, साऊंडवाल्याला आम्ही देतो. कोणाच्या ताटातलं ओढलं?

ऑक्टोपॅड_सक्करदरा:
माझ्या, काका. तुमचं दुःख खरं आहे, पण पोटावर पाय आमच्याच आला. साऊंडवाल्याला देता, वादकाला का नाही?

निवृत्त_बँकवाला:
कारण तुमचे लोक तालमीला येत नाहीत! दोनदा बोलावलं, दोनदा ऐनवेळी “दुसरी सुपारी आली” म्हणून फोन बंद.

ऑक्टोपॅड_सक्करदरा:
ती सुपारी दुप्पट पैशाची असते. आम्हालाही पोरांची फी भरायची असते. दोघा-तिघांमुळे सगळ्यांना झोडपून राहिले तुम्ही.

कोर्टाजवळचा:
भांडताय भलत्याच ठिकाणी. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमात गाणं गेलं, तरी सिनेमाबाहेर ते वाजल्यावर मिळणारा गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करून देणारी संस्था, आयपीआरएस, १९६९पासून आहे. किती जणांनी नाव नोंदवलं?

बासरीवाला_महाल:
मी नोंदवलंय. पण वसुली वाजलेल्या गाण्याची होते. रेडिओवाले आमचं लावत नाहीत, मॉलवाले लावत नाहीत, काकांच्या रजनीतही जुनी हिंदीच. हक्क कागदावर पक्का आहे, वाजवतो कोण?

धरमपेठी:
१००० वाला नियम मला माहीत नव्हता. तो अन्यायच आहे, एवढं मान्य. पण फुकट्या श्रोत्यांचं मी म्हणालो ते मागे घेणार नाही. पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट मात्र विकत घेतो. तारीख टाका.

निवृत्त_बँकवाला:
ऑक्टोपॅडवाले, तुम्ही आणि एक कीबोर्ड, एका संध्याकाळचे किती घेता? आमची वर्गणी वाढली तर अर्धे लोक सोडून जातील, आधीच सांगून ठेवतो. आणि दोन तालमी तरी पाहिजेतच.