राजमुद्रा हातावर, कारण थेटरात अंगावर काटा आला

रात्रपाळी_आणि_राजमा
झोप येत नाहीये आणि जिमच्या ग्रुपवर यावरून आत्ता तुंबळ चालूये म्हणून सगळ्यांनाच विचारतो. टॅटूशी माझं भांडण नाही, सिनेमा बघून काढलेल्या टॅटूशी आहे. 'छावा' फेब्रुवारी २०२५ मधे आला, त्यानंतर आमच्याकडे दाढ्या वाढल्या, कपाळावर चंद्रकोरी आल्या, बारकी बारकी पोरं वजन वाढवायच्या गेनर पावडरीचे डबे घेऊन फिरायला लागली, इथपर्यंत ठीक होतं. आता एक जण, वय एकवीस, पोलीस भरतीची तयारी करतोय, तो उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत राजमुद्रा काढायला निघालाय, शनिवारची वेळ पण घेतलीये. का, तर थेटरात अंगावर काटा आला होता आणि परवा मोबाईलवर परत बघितला तेव्हा परत आला. अरे काटा दहा मिनिटात जातो, शाई जात नाही. २००८ ला 'गजनी' आला तेव्हा आमच्या वर्गातली पोरं डोक्यावर तसली पट्टी मारून आली होती, पण केस परत येतात ना. बॉडी कमवायला वर्षं जातात आणि टॅटू एका दुपारी विकत मिळतो, त्याला निष्ठा वगैरे नाव देऊ नका एवढंच म्हणणं आहे. बोला.

गावठी_डंबेल
विकत मिळतं म्हणून निष्ठा नाही? मग वारकऱ्याची माळ काय फुकट येते का. माझ्या आज्जीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, कपाळावर पण, जत्रेत गोंदणारी बसायची आणि दोघीतिघींनी हिला धरून ठेवलेलं म्हणे. तिने काय आयुष्याचा विचार करून डिझाईन निवडलं होतं का, जावेने काढलं म्हणून हिने काढलं, विषय संपला. पण मरेपर्यंत सांगायची की मेल्यावर सोनंनाणं सगळं काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतंय. तेव्हा जत्रा होती आता थेटर आहे. तुम्ही शहरातल्या लोकांनी टॅटूला अर्थ पाहिजे म्हणून नवीन फॅड काढलंय, आधी लोक नुसतंच काढायची.

रात्रपाळी_आणि_राजमा
आज्जीला भरती द्यायची नव्हती भाऊ.

खाकी_होणारच
भरतीचा विषय निघालाच आहे तर जरा नीट बोलू, इथे अर्धी लोकं ऐकीव सांगतात. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे केंद्राची दलं घेतली तर नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपराखाली नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान पाहिजे. उजवा हात सॅल्यूटचा, तिथे नाय चालत. आर्मीत पण जागा ठरलेल्या आहेत, हाताची आतली बाजू कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाची पाठ, बाकी अंगावर नको, फक्त आदिवासी पोरांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट आहे. म्हणजे तुमच्या मित्राने नेमका चुकीचा हात आणि चुकीचा साईज धरलाय. राज्य पोलिसवाल्याने ज्या त्या वर्षीची जाहिरात वाचावी, पण पोरं फक्त राज्याचा फॉर्म भरत नाहीत ना, जे निघेल ते भरतात, मेडिकलच्या आधी लेझरवाल्याकडे पळापळ करणारे मी बघितलेत. आणि एक, राज्याच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, १६०० मीटर पळण्याला २० मार्क, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. बायसेपला मार्क नाहीत. छाती ७९ भरली आणि ५ सेंटीमीटर फुगली की तिचं काम झालं. त्यामुळे टॅटू राहू दे बाजूला, आधी त्याला विचारा की पळतो का.

प्रोटीन_बिटीन
नियम मान्य, पण वरच्या सगळ्यांचा सूर असा आहे की पोराला अक्कल नाही. माझ्या मनगटावर आईच्या अक्षरातलं माझं नाव आहे, तिने माझ्या वहीवर घातलेलं तसंच. कुठल्या सिनेमात नव्हतं. तरी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आत्या म्हणाली लांब बाह्यांचा ड्रेस घाल गं, उगाच प्रश्न नकोत, आणि हीच आत्या हातावर तुळशीचं गोंदण घेऊन बसलेली. म्हणजे अर्थ असला तरी लोक बोलतात आणि नसला तरी बोलतात. मग निदान स्वतःला आवडलंय ते तरी काढावं. त्या पोराला आवडलंय. एकवीसाव्या वर्षी आवडण्याला अजून काय कारण लागतं?

जुना_पैलवान
माझा मुद्दा वेगळा आहे. आम्ही तालमीत मारुतीच्या पाया पडल्याशिवाय मातीत पाय ठेवत नव्हतो. महाराज अंगावर घ्यायचे म्हणजे तो हात कुठे कुठे जाणार याचा विचार करा. संडासात जाणार, बारमधे ग्लास उचलणार, कुणाच्या कानाखाली बसणार. देव्हाऱ्यातली वस्तू खिशात घेऊन फिरतो का आपण.

प्रोटीन_बिटीन
काका आदर ठेवून विचारते, गाडीच्या काचेवर मागे पूर्ण सिंहासनाधीश्वर असतात आणि तीच गाडी बारच्या बाहेर दोन तास उभी असते, ते चालतं का?

जुना_पैलवान
ते पण चालत नाही. मी त्याच्यावर पण बोलतो, कोण ऐकत नाही.

पॉपकॉर्न_चीट_मील
सिनेमावाल्यांची बाजू घ्यायला मी आलोय, कारण सिनेमा बघून काढतो म्हणणाऱ्यांनी सिनेमाच नीट बघितलेला नसतो. 'दीवार' घ्या १९७५ चा, विजयच्या हातावर मेरा बाप चोर है, ते त्याने हौसेने काढलंय का? लहान पोराला पकडून गावाने गोंदलंय. 'गजनी'त तर त्या माणसाला पंधरा मिनिटांपुढचं आठवत नाही म्हणून अंगावर नावं नंबर लिहून ठेवलेत. एकाला विसरता येत नाही आणि एकाला लक्षात राहत नाही, दोघांचाही टॅटू म्हणजे जखम आहे आणि आपली पोरं त्यातून घेतात काय तर एट पॅक. आणि ते पण खरं नसतं, शर्ट काढायचा सीन असला की आधीपासून पाणी मीठ कमी करायचं, शॉटच्या आधी पंप मारायचा, म्हणजे व्यायाम करून स्नायू फुगवायचे, वरून लाईट. 'दंगल'ला आमिरने पोट सुटलेला भाग आधी शूट केला आणि नंतर वजन उतरवून तरुणपणाचा, का, तर उलटं केलं असतं तर उतरवायला कारणच राहिलं नसतं. त्याला हे काम म्हणून करायला मिळतं, आपण नऊ तासांची ड्युटी करून येतो. राहता राहिला 'छावा', तर तो सिनेमा संभाजी महाराजांवर आहे आणि हा शिवाजी महाराजांची मुद्रा काढतोय. शंभूराजांची मुद्रा वेगळी आहे, श्री शंभोः शिवजातस्य अशी सुरू होते. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी घरात असेल तर आधी ती वाचायला द्या, तोपर्यंत भरती होऊन जाईल.

गावठी_डंबेल
रात्री एक वाजता जखम बिखम. लेग डेला कुठे असतोस रे तू?

सुई_आणि_शाई
धंद्यातला माणूस म्हणून बोलतो, ठाण्यात स्टुडिओ आहे, नाव सांगत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. राजमुद्रा हे आमच्याकडे सगळ्यात जास्त मागितलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम आहे. अष्टकोनात प्रतिपच्चंद्रलेखेव पासून भद्राय राजते पर्यंत एवढी अक्षरं बसवायची, गिऱ्हाईक म्हणतं छोटी काढा, इंचावर पैसे असतात ना. छोटी काढली की चार-सहा वर्षांत रेषा फुगतात, च्च आणि ष्णु चा गोळा होतो आणि लांबून वाटतं भाजलंय. शाई वरच्या कातडीत नसते, खालच्या थरात असते, तिथे अंगातल्या पेशी तिला बाहेरची वस्तू समजून गिळून धरून ठेवतात म्हणून तर टॅटू टिकतो. लेझर त्याच शाईचे बारीक तुकडे करतं मग शरीर हळूहळू वाहून नेतं, काळी लवकर जाते, हिरवी निळी छळते, आणि काढायला घालण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात. त्यात नेटवरून उचललेली डिझाईन, काना मात्रा चुकलेली. मी आता विचारतो, मुद्रा तोंडपाठ म्हण. नाही आली तर परत पाठवतो.

आणि जिमवाल्यांनो, नवीन टॅटू म्हणजे उघडी जखम आहे. दुसऱ्याचा घाम असलेल्या बेंचवर तो टेकवू नका, दोन तीन आठवडे पोहणं बंद, सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडली पाहिजे नाहीतर उठून जा, हिपॅटायटिस बी ची कावीळ त्यातून येऊ शकते. रक्तदान पण पुढे बरेच महिने करता येत नाही. तरी शनिवारी काढून रविवारी पुल अप्स मारणारे आहेतच.

रात्रपाळी_आणि_राजमा
हे बघा, धंदेवाला माणूस पण माझ्याच बाजूने बोलतोय.

सुई_आणि_शाई
नाही नाही, गैरसमज नको. मी म्हणतोय मोठी काढा आणि चांगल्याकडून काढा. सिनेमा बघून आला का बाप गेला म्हणून आला याच्याशी मला देणंघेणं नाही. उलट लय विचार करून अर्थबिर्थ लावून आलेलेच पुढे जास्त पस्तावतात, प्रेयसीच्या नावात अर्थ नसतो का? सिंहाखाली किती नावं झाकली माझ्या हाताने ते मला विचारा.

पहाटेचं_ग्राउंड
मीच तो एकवीसवाला. ग्रुपवर लिंक टाकली कोणीतरी. राजमा दादा तू समोर काहीच बोलला नाहीस, म्हणालास भारी दिसेल, आणि इथे सगळी पंचायत बसवलीस. मी पळतो. रोज पळतो, पाच मिनिटं वीस सेकंदाला आलोय १६०० मधे. मुद्रा पाठ आहे, शंभूराजांची पण पाठ आहे, आणि सिनेमाच्या आधीपासून पाठ आहे, सिनेमाने फक्त पैसे साठवायला लावले. जाहिरात कधी निघेल माहीत नाही, घरी रोज विचारतात काय झालं रे तुझ्या भरतीचं, माझ्या हातात आत्ता काहीच नाहीये तर निदान हातावर तरी काहीतरी असू दे असं वाटलं, एवढंच होतं. उजवा हात सॅल्यूटचा हे मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. खाकी भाऊ थँक्यू.

रात्रपाळी_आणि_राजमा
समोर बोललो असतो तर ऐकलं असतंस का. आणि भारी दिसेलच की, दिसण्याबद्दल कुठे बोललो मी. माझं मत तेच आहे, शनिवार कॅन्सल कर.

पहाटेचं_ग्राउंड
कॅन्सल नाही करणार. पुढे ढकलतो.

खाकी_होणारच
पाच वीस भारी आहे रे पण पाच दहाच्या आत आला तर पूर्ण २० मिळतात. शेवटच्या चारशेला काय होतं तुझं, दम जातो का पाय भरतात?

पहाटेचं_ग्राउंड
पाय. रात्री जिम मारतो ना.

जुना_पैलवान
मग झोप आता. दीड वाजलाय.